सहिष्णुतेची कुळकथा

बर्लिनच्या पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडातील ज्या विखुरलेल्या पेशीपुंजांची आपल्या प्रबंधात नोंद केली, त्यांच्या रोपणाने मधुमेह हटवण्याची आशा बरीच जुनी आहे. १८९३ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे एका १५ वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले गेले, परंतु तो तीनच दिवसांत दगावला. या आशेला जी विद्या हवी होती, म्हणजे परक्या पेशी शरीराला सोसायला लावण्याची, तिचा उगम मात्र शल्यगृहात नव्हे, तर गोठ्यात झाला.

गर्भावस्थेत ज्यांच्या रक्तवाहिन्या जुळलेल्या होत्या, अशा जुळ्या वासरांच्या शरीरात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही निर्वेध नांदतात, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे रे ओवेन यांस १९४५ मध्ये आढळले. त्यावरून ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट व फेनर यांनी १९४९ मध्ये असे प्रतिपादिले की, शरीराचा आपपरभाव उपजत नसून तो प्रारंभीच्या काळात शिकलेला असतो. आणि १९५३ मध्ये लंडनात मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी घालून, पुढे त्याच वंशाची त्वचा त्या उंदरांच्या अंगी टिकते, हे सप्रयोग सिद्ध केले. बर्नेट आणि मेडावर यांस १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इकडे सेंट लुइस येथे पॉल लेसी यांनी पेशीपुंज सुटे करण्याची रीत बसवली, आणि २००० साली कॅनडातील एडमंटन येथे यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून हे पुंज सोडल्यावर सात रुग्ण इन्सुलिनच्या ताबेदारीतून मुक्त झाले. तथापि पाच वर्षांनी तेथील रुग्णांपैकी दहांत जेमतेम एकाचीच ही मुक्ती अबाधित उरली होती. कारण येथे कज्जा दुहेरी असतो: परक्या पेशींविरुद्धचा एक, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे मूळच असलेला, स्वतःच्याच इन्सुलिनजनक पेशींविरुद्धचा दुसरा. हा दुहेरी कज्जा दाबून ठेवणारी औषधे संसर्गास वाट मोकळी करतात, मूत्रपिंडास अपाय करतात, आणि त्यांतील काही तर रोपलेल्या पेशींनाच बाधतात.

ज्याचे यकृत वा हृदय निकामी झाले आहे, त्याने प्राणरक्षणासाठी ही किंमत मोजणे समजण्याजोगे आहे. परंतु ज्याचे आयुष्य इन्सुलिनवर सुरळीत चालते, त्याच्याकडून ती मागणे न्यायाचे नव्हे, आणि म्हणूनच हे रोपण आजवर वारंवार नकळत रक्तशर्करा घसरून प्राणसंकटात सापडणाऱ्या मोजक्या रुग्णांपुरते मर्यादित राहिले. यातून एक वाट मात्र दिसते: शरीराच्या प्रतिकाराला आतूनच आवर घालणाऱ्या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या, व त्या शोधाच्या मालिकेला २०२५ चे नोबेल लाभले. संशोधकांचा रोख आता या पेशींना रोपणाच्या रक्षणासाठी नेमण्याकडे आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. कारण शरीराला दुर्बळ न करता परक्याचा स्वीकार करावयास शिकवले, तरच हा उपचार सामान्य मधुमेह्याच्या हक्काचा होईल.