तारे आणि माणूस: एका छायाचित्राची पूर्वपीठिका

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातील एका रात्री आम्ही रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठी उभे होतो. सोबत सरकारी नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याहून इकडे आलेला, आमच्या परिचयाचा एक तरुण होता. तिपाईवर कॅमेरा ठेवावा, आपण त्यासमोर उभे राहावे आणि पाठीमागे पूर्वेला चढणारे मृग नक्षत्र यावे, असे छायाचित्र घेण्याचा त्याचा बेत होता. चित्र आईला पाठवायचे होते. 'तिकडचे आकाश तरी आपल्यासारखेच आहे ना रे?' असे त्या माउलीने दूरध्वनीवर विचारले होते.

प्रश्न भोळा दिसतो. पण त्याला नुसते 'होय' म्हणून भागत नाही. रायपूर साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे साडेसात अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून मृग आमच्या डोक्यावर येतो त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने तो साताऱ्याच्या माथ्यावर पोहोचतो. ध्रुव मात्र येथे साडेतीन अंश अधिक उंच दिसतो. तारे तेच, परंतु त्यांची वेळ आणि उंची निराळी. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अवस्था याहून फारशी वेगळी नसते.

मराठी माणूस या मुलखाला नवखा नाही. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपुरास येऊन छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. तेव्हा तेलीबांध्याच्या काठी मराठी बोल ऐकू यावेत यात नवल नाही. नवल आहे ते त्या तरुणाच्या बेतात. तारे आणि माणूस यांना एकाच चित्रात बसविण्यास छायाचित्रणकलेला बराच काळ थांबावे लागले आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या कलेतील आपल्याकडील आरंभीच्या उपासकांपैकी एक. त्या काळी समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. आपल्या पणजोबांच्या चित्रांत जो ताठपणा दिसतो तो सगळाच स्वभावाचा नव्हे. त्यात काचेच्या मंदपणाचाही वाटा आहे. ताऱ्यांसाठी तर ती काच अगदीच अपुरी होती. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत 1850 साली अभिजित ताऱ्याचे पहिले चित्र घेतले गेले खरे. परंतु पुढे प्रचारात आलेली ओली काच काही मिनिटांतच वाळून निकामी होई आणि अंधुक ताऱ्यांना तर तासतास हवा असे. 1871 नंतर सरसाची कोरडी काच निघाली तेव्हा ही अडचण दूर झाली.

यानंतरची हकीकत मोठी उद्बोधक आहे. 1882 साली एक तेजस्वी धूमकेतू उगवला. दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचे डेव्हिड गिल यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा आपल्या दुर्बिणीला बांधून त्याची चित्रे घेतली. त्या कॅमेऱ्याचे भिंग माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घडविलेले होते. काच धुतल्यावर धूमकेतूच्या मागे असंख्य तारे उमटलेले दिसले आणि अवघ्या आकाशाची नोंद छायाचित्रांनी करावी, ही कल्पना गिल यांच्या मनात रुजली. 1887 मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने त्या कार्याची वाटणी निरनिराळ्या देशांत केली; पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही त्यातील आपला वाटा उचलला. चेहऱ्याचे भिंग असे आकाशाच्या कामी आले. योगायोग असा की, त्याच 1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत उजेड देणारी भुकटी निघाली आणि अंधारात माणसाचे चित्र क्षणात घेणे साधले. ताऱ्यांसाठी दीर्घ काळ आणि माणसासाठी क्षणभर उजेड, या दोन्ही वस्तू आता हाताशी होत्या. परंतु त्यांची गाठ पडायला अजून अवकाश होता.

महाराष्ट्रही या उद्योगात मागे नव्हता. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेलही तेथेच आले होते; विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर होते आणि वऱ्हाडात तळणीस अ‍ॅनी माँडर यांनी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा दूरवर गेलेला किरण टिपला. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी माणसे समुद्र ओलांडून आली. परंतु सूर्याकडे वळविलेल्या त्या काचांवर त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा नाही. शास्त्राची शिस्तच तशी असते. नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिचीही, म्हणायचे तर, बदलीच झाली!

आता तेलीबांध्याकडे वळू. पृथ्वी फिरत असल्यामुळे झडप फार वेळ उघडी राहिली की तारे बिंदू न राहता रेघा होतात. रुंद दृष्टीच्या भिंगाला वीस सेकंद, हा साधारण हिशेब. तेवढा वेळ माणसाने हलता कामा नये. त्याच्यावर विजेरीचा उजेड निमिषभर टाकावा आणि मग अंधार राखावा. पणजोबांची निश्चलता पणतवंडाला अशी पुन्हा शिकावी लागते. आमच्या तरुण मित्राने ती शिकली. विजेरी आमच्या हाती होती.

अडचण निराळीच निघाली. या तलावाला आता लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात; काठ दिव्यांनी उजळलेला असतो आणि ते दिवे पाण्यातही दुप्पट होतात. चित्रात मृगाचे चार पाय, पोटातला बाण आणि खाली व्याध एवढेच उतरले. ज्या मृगात एकेकाळी वसंतसंपात होता, असे प्रतिपादन लोकमान्यांनी 1893 च्या 'ओरायन' ग्रंथात केले, त्या मृगाचे बाकीचे बारीक तारे उजेडाने गिळून टाकले होते. आता भिंगे पूर्वीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण झाली आहेत, मात्र जो अंधार पूर्वी फुकट मिळत असे तो दुर्मीळ झाला आहे. गावाबाहेर जाऊन पुन्हा प्रयत्न करावा, असे आम्ही सुचविले. तो म्हणाला, 'नको. मी राहतो तिथलेच आकाश आईला दाखवायचे आहे.'

चित्र साताऱ्यास पोहोचले. आईने तारे मोजले नाहीत. 'वाळला आहेस' एवढेच तिने कळविले. काचेवर माणूस नसावा ही वेधशाळेची शिस्त योग्यच आहे. परंतु घरी पाठवायच्या चित्रात पहिली नजर कोठे जाते, हेही आम्हांस त्या दोन शब्दांनी कळले.