कर्नेल घनता आकलनातील अडचणी व त्यांचे निराकरण

कर्नेल घनता आकलन ही उपलब्ध निरीक्षणांवरून त्यांच्या संभाव्यता घनता फलनाचा अंदाज बांधण्याची सांख्यिकीतील एक अप्राचलीय पद्धत आहे. निरीक्षणांचे वितरण प्रसामान्य आहे की अन्य एखाद्या ठरावीक सूत्राचे, हे तीत आधी गृहीत धरावे लागत नाही. आर व पायथन या संगणकभाषांत ही पद्धत एका ओळीच्या आज्ञेने वापरता येते आणि तिच्यातील बहुतेक अडचणी याच सोयीतून उद्भवतात. आज्ञा देताच पडद्यावर एक गुळगुळीत वक्ररेषा उमटते. ती दिशाभूल करणारी असली तरी संगणक सहसा तक्रार करत नाही. प्रस्तुत लेखात या अडचणींची चर्चा मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पाऊस व उजनी धरणाचा पाणीसाठा या उदाहरणांच्या आधारे केली आहे.

पद्धतीचे स्वरूप

आयतालेखात निरीक्षणे ठरावीक वर्गांत टाकली जातात व वर्गाची सीमा थोडी सरकवली तरी आकृती बदलते. हा दोष टाळण्यासाठी कर्नेल पद्धतीत प्रत्येक निरीक्षणावर एकेक लहान टेकाड उभे केले जाते आणि सर्व टेकाडांची सरासरी घेतली जाते. टेकाडाचा आकार म्हणजे कर्नेल, तर त्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. एव्हलिन फिक्स व जोसेफ हॉजेस यांच्या १९५१ मधील अहवालात या विचाराचे बीज आढळते. मरे रोझेनब्लॅट (१९५६) आणि इमॅन्युएल पार्झेन (१९६२) यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, म्हणून तिला पार्झेन–रोझेनब्लॅट पद्धत असेही म्हणतात.

कर्नेल कोणता निवडला यापेक्षा बँडविड्थ किती ठेवली याचा परिणाम कितीतरी मोठा असतो. रुंदी कमी ठेवल्यास रेषा करवतीसारखी दातेरी होते, जास्त ठेवल्यास खरी शिखरेही सपाट होतात.

बँडविड्थविषयीचे गोंधळ

आर भाषेतील डेन्सिटी ही आज्ञा काही न सांगता वापरल्यास बर्नार्ड सिल्व्हरमन यांचा नियम लागू होतो: प्रमाण विचलन आणि चतुर्थकांतर भागिले १.३४ यांपैकी लहान संख्येला ०.९ ने व निरीक्षणसंख्येच्या उणे एक-पंचमांश घाताने गुणावे. निरीक्षणे १०० असतील तर हा घात सुमारे ०.४ येतो, म्हणजे प्रमाण विचलन १५० मिलिमीटर असलेल्या पावसाच्या आकड्यांसाठी बँडविड्थ सुमारे ५४ मिलिमीटर. हा नियम एकाच शिखराच्या, साधारण सममित वितरणासाठी घडवलेला आहे. दोन शिखरे असतील तेथे तो रेषा गरजेपेक्षा अधिक गुळगुळीत करतो. अशा वेळी १९९१ मध्ये शीदर व जोन्स यांनी सुचवलेली निवडपद्धत बहुधा अधिक विश्वासार्ह ठरते.

पायथनमधील सायपाय या संचात मात्र एक छुपा खड्डा आहे. तेथे बँडविड्थ म्हणून दिलेली संख्या हा प्रमाण विचलनाचा गुणक समजला जातो. वरील उदाहरणात कोणी ५४ लिहिले, तर प्रत्यक्ष रुंदी ५४ गुणिले १५०, म्हणजे ८,१०० मिलिमीटर होते आणि आकृतीत एक अतिविशाल, अर्थहीन टेकडी दिसते. तेथे ०.३६ लिहावयास हवे. सायकिट-लर्न या संचात संख्या आकड्यांच्याच एककात धरली जाते. परंतु काही न दिल्यास ती १ असते, मग एकक मिलिमीटर असो वा किलोमीटर. एपानेच्निकोव्ह कर्नेलच्या बाबतीत तर आर बँडविड्थला टेकाडाचे प्रमाण विचलन मानते व सायकिट-लर्न टेकाडाची अर्धी रुंदी. त्यामुळे २ हीच संख्या दोन्हीकडे दिली तर आरमधील टेकाड मध्यापासून सुमारे ४.४७ पर्यंत पसरते, सायकिट-लर्नमधील केवळ २ पर्यंत. दोन संचांतील आकृत्या जुळत नसतील तर दोष शोधण्याची सुरुवात येथूनच करणे श्रेयस्कर.

शून्याखालचा पाऊस

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. सरासरी वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर आणि त्यातील मोठा वाटा सप्टेंबरचा. वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असतात. दैनिक पावसाचे आकडे तसेच्या तसे आज्ञेला दिले की शून्यावर उंच सुळका दिसतो आणि रेषा शून्याच्या डावीकडे, उणे पावसाच्या प्रदेशात उतरते. पाऊस उणे असू शकत नाही हे टेकाडांना ठाऊक नसते.

येथे दोन वेगळे दोष एकत्र येतात. पहिला असा की शून्य पाऊस ही घनतेची बाब नाही. तो एका बिंदूवर साठलेला संभाव्यतेचा गठ्ठा आहे. म्हणून कोरड्या दिवसांचे प्रमाण वेगळे सांगावे व उरलेल्या दिवसांचीच घनता काढावी. भारतीय हवामानशास्त्र विभाग २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो; तीच मर्यादा येथेही सोयीची आहे. तीन-चतुर्थांशाहून अधिक नोंदी शून्य असल्यास चतुर्थकांतरही शून्य होते आणि आर निमूटपणे केवळ प्रमाण विचलन वापरते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा दोष सीमेचा. सीमेपाशी घनता सपाट असेल तर ऐन सीमेवर आकलन खऱ्या मूल्याच्या जवळपास निम्मे येते, कारण टेकाडांचा अर्धा भाग पलीकडे सांडतो. पुष्कळ जण आकृती सीमेपासूनच सुरू करण्याची आज्ञा देतात. त्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही. रेषेखालचे क्षेत्रफळ एकाहून कमीच राहते. योग्य उपाय म्हणजे प्रत्येक निरीक्षणाचे सीमेपलीकडे प्रतिबिंब घेऊन आकलन करणे, डावी बाजू टाकणे व उजवीची उंची दुप्पट करणे. लॉगॅरिथम घेऊन आकलन करण्याचाही मार्ग आहे, पण मूळ एककात परतताना घनतेला पावसाच्या मूल्याने भागावे लागते. ही पायरी हमखास विसरली जाते.

उजनीचा उणे साठा

सीमेचा उपाय सरसकट लावणे किती घातक ठरते, हे भीमा नदीवरील उजनी धरणावरून दिसते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. वृत्तपत्रांत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. पातळी मृतसाठ्यात गेली की ती उणे लिहिली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ५० च्याही खाली गेला होता. टक्केवारी ० ते १०० च्या बाहेर असूच शकत नाही, अशा समजुतीने कोणी उणे नोंदी चुकीच्या म्हणून गाळल्या, तर नेमके टंचाईचेच दिवस अभ्यासातून पुसले जातात. सोलापूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी याच धरणावर अवलंबून असल्याने शून्याखालचे क्षेत्रफळ हाच त्या आलेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. वरचे टोकही १०० वर थांबत नाही, धरण त्याहून काही टक्के अधिक भरते. सीमा कोठे आहे हे संगणकाला नव्हे, आकड्यांची नोंद कशी होते ते जाणणाऱ्याला विचारावे.

उजनीच्या दैनिक नोंदींत आणखी एक अडचण आहे. आजचा साठा कालच्या साठ्यासारखाच असतो. दहा वर्षांच्या ३,६५० नोंदी असल्या तरी स्वतंत्र माहिती पावसाळ्यांच्या संख्येएवढी, म्हणजे जेमतेम दहा वर्षांचीच. नियम मात्र ३,६५० ही संख्या धरून अरुंद बँडविड्थ सुचवतो व एखाद्या वर्षीच्या रेंगाळलेल्या पातळीचे स्वतंत्र शिखर उभे राहते. ‘३१ मे रोजीचा साठा’ अशी वर्षाला एकच नोंद घेणे अधिक प्रामाणिक आहे. मग दहा बिंदूंवर वक्ररेषा काढण्यापेक्षा ते दहा बिंदूच दाखवावेत हेही उमगते.

पुनरावृत्त आकडे

जनगणनेत वय सांगताना अनेक जण ४०, ४५, ५० असे ० वा ५ ने संपणारे आकडे सांगतात. अरुंद बँडविड्थ घेतल्यास या प्रत्येक वयावर शिखर येते. ते लोकसंख्येचे नसून सवयीचे असते. पूर्णांकित केलेल्या आकड्यांवर प्रतिपडताळणीने बँडविड्थ निवडली तर ती शून्याकडे घसरू शकते, हे सिल्व्हरमन यांनी १९८६ च्या ग्रंथात नोंदवले आहे.

संगणक नोंदवतो त्या त्रुटी

आरमध्ये एक जरी नोंद रिकामी असली तरी, ती वगळण्याची सूचना दिली नसल्यास, आज्ञा थांबते. याहून धोकादायक असतात त्या रिकाम्या जागी भरलेल्या -९९९ सारख्या संख्या, कारण त्यांवर संगणक थांबत नाही. आर घनता मुळात ५१२ बिंदूंवर काढते. ते बिंदू -९९९ पासून पसरले की दोन बिंदूंतील अंतर दोन मिलिमीटरहून अधिक होते व हलक्या पावसाचा तपशील हरवतो. सर्व नोंदी समान असल्यास सायपाय आव्यूहाचा व्यस्त निघत नाही अशी त्रुटी दाखवते. बहुचल आकड्यांत तेथे ओळीत चल व स्तंभात निरीक्षणे लागतात, सायकिट-लर्नमध्ये नेमके उलट. सायकिट-लर्न उत्तर घनतेच्या लॉगॅरिथमात देते, म्हणून ते उणे दिसते.

घनता एकाहून मोठी येणे ही मुळीच त्रुटी नाही. मर्यादा क्षेत्रफळाला आहे, उंचीला नाही. तेच आकडे मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहिले की उंची दहापट होते.

नकाशावरील घनता

अपघातस्थळे वा विहिरी यांचे दाट पट्टे नकाशावर दाखवण्यासाठीही हीच पद्धत वापरतात. सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा आहे. अंशांतील आकड्यांवर बँडविड्थ १ राहिली, तर सोलापुरातील एका चौकाचे टेकाड विजयपुरा व कलबुर्गीपर्यंत पोहोचते. आकडे आधी यूटीएम प्रणालीच्या उत्तर ४३ व्या पट्ट्यात मीटरमध्ये रूपांतरित करावेत. किंवा गोलावरील अंतराचे हॅव्हरसाइन सूत्र निवडून अक्षांश आधी व रेखांश नंतर, दोन्ही रेडियनमध्ये द्यावेत.