प्रतिज्ञेची शाखा : अहमदनगर आणि राष्ट्र सेवा दल

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात भुईकोट किल्ल्यातील काँग्रेस नेत्यांच्या बंदिवासाला जे स्थान मिळते, त्याच्या शेजारी नगरच्या रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन या बंधूंशी निगडित असलेल्या राष्ट्र सेवा दलाचीही नोंद व्हायला हवी. कारण मुलांच्या मनात लोकशाहीची मूल्ये रुजवण्याचा तो विलक्षण प्रामाणिक प्रयत्न होता.

ना. सु. हर्डीकरांनी 1923 मध्ये उभारलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाची परंपरा पुढे नेत आणि धर्माच्या आधारावर तरुणांचे संघटन करणाऱ्यांना पर्याय देत 4 जून 1941 रोजी पुण्यात दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख, म्हणजे संघटनेचे मुख्य नायक, झाले.

दलाच्या शिक्षणाचे केंद्र शाखा हे होते. शाखा म्हणजे ठरलेल्या वेळी मैदानावर भरणारा मुलामुलींचा मेळावा; त्यात कवायत, खेळ आणि समूहगीते असत, तसेच एखादा विषय समजावून त्यावर चर्चा घडवणारे ‘बौद्धिक’ही असे. दलाची प्रतिज्ञा पाठ करून घेणे हा या शिक्षणातला सर्वांत सोपा भाग होता. राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही दलाची मूल्ये लहान वयाला शब्दांतून उमगणे कठीणच. परंतु वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका रांगेत उभी राहत, एकत्र जेवत आणि मुलगे व मुली एकाच शाखेत खेळत, तेव्हा ज्या समाजात पाणवठेसुद्धा वेगळे होते तेथे समतेचा अर्थ त्यांना कृतीतूनच कळत असे, आणि दलाचे खरे कर्तृत्व येथेच आहे.

स्थापनेला जेमतेम चौदा महिने झाले असताना ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’ आंदोलन पेटले. नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले, तर त्याच नगरचे अच्युतराव भूमिगत राहून लढ्याची सूत्रे हलवू लागले. नेते तुरुंगात वा भूमिगत असताना दलाचे अनेक सैनिक, म्हणजे सदस्य, स्वतःच्या जबाबदारीवर या लढ्यात उतरले.

शाखेतला समतेचा हा विचार पुढे मैदानाबाहेरही पोहोचला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून लेखक व स्वातंत्र्यसैनिक साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा दलाचे कलापथक, म्हणजे गाण्यांतून आणि नाट्यातून प्रबोधन करणारा संच, त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. 1 मे 1947 रोजी गुरुजींनी सुरू केलेले उपोषण मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावर 10 मे रोजी सुटले.