कळ धुराड्यात आहे

इंग्लंडमधल्या जुन्या घरात लाकडाची शेगडी बसवायची ठरली, की चर्चा शेगडीच्या रूपापासून सुरू होते. काळी घ्यायची की करडी, दाराची काच केवढी, खाली लाकडं रचायला कप्पा आहे की नाही. धुराड्याची आठवण शेवटी होते, बहुधा कारागिराने अंदाजपत्रक हातात ठेवल्यावर. या वस्तूचा साडेचारशे वर्षांचा माग काढला, तर हा क्रम उलटा आहे हे ध्यानात येतं.

विल्यम हॅरिसन हा एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा धर्मोपदेशक. इंग्लंडचं वर्णन करणारा त्याचा ग्रंथ 1577 मध्ये छापला गेला. त्याच्या गावच्या म्हाताऱ्यांच्या मते त्यांच्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांपैकी एक म्हणजे घराघरावर उगवलेली धुराडी. त्याआधी जाळ खोलीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. हॅरिसनला धुराड्यांचं फारसं कौतुक नव्हतं. धुराने घराचं लाकूड टणक होतं आणि माणसंही निरोगी राहतात, असा जुना समज त्याने नोंदवला आहे. आपल्याकडे चुलीच्या धुराने वाशांना कीड लागत नाही असं सांगणाऱ्या आज्यांना हे लगेच पटलं असतं. पुढे 1662 मध्ये सरकारने घरातल्या प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. कर मोजायला येणारा माणूस थेट घरात शिरायचा, त्यामुळे लोक इतके वैतागले की 1689 मध्ये तो रद्द करावा लागला.

भिंतीतल्या उघड्या शेकोटीचं दुखणं साधं होतं. जाळाच्या वरचा गळा एवढा रुंद, की धुराबरोबर खोलीतली ऊबदार हवाही वर निघून जाई आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून गार वारा आत येई. तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. लाकूड महागून दगडी कोळसा आला तशी धुराडी अरुंद होत गेली. नऊ इंच बाय चौदा इंच हे त्यांचं नेहमीचं माप. एवढ्याशा पोकळीतली काजळी खरवडायला लहान मुलं चढवत. या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने 1775 मध्ये लिहून ठेवलं. मुलं चढवण्याची प्रथा खऱ्या अर्थाने बंद व्हायला 1875 चा कायदा यावा लागला. त्याच वर्षी केंब्रिजजवळच्या फुलबोर्नमध्ये जॉर्ज ब्रुस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेला होता.

लोखंडाची गोष्ट सुरू होते अटलांटिकच्या पलीकडे. पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कुटुंबांकडे बिडाच्या पाच पाट्यांची शेगडी असे. दोन बाजूंना, एक वर, एक खाली आणि एक समोर. मागची बाजू उघडी, आणि ती भिंतीतून आरपार पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या शेकोटीत उघडायची. लाकडं तिकडून सारायची आणि धूरही तिकडच्याच धुराड्यातून जायचा. बसायच्या खोलीत नुसती ऊब. पाट्यांवर आदम-हव्वा, डेव्हिड-गोलायथ असे बायबलमधले प्रसंग ओतलेले आणि खाली जर्मन अक्षरं. इंग्रज शेजाऱ्यांची तक्रार एकच, जाळ दिसत नाही.

ती तक्रार बेंजामिन फ्रँकलिनने मनावर घेतली. शंभर वर्षांपूर्वी दारात मिळणारं सरपण आता काही गावांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावं लागतं, असं त्याने 1744 च्या आपल्या पुस्तिकेत लिहिलं आहे. त्याची शेगडी भिंतीतल्या शेकोटीतच बसे आणि समोरून उघडी असे. जाळामागे हवेची एक पेटी होती. बाहेरची हवा तिच्यातून तापून खोलीत येई. धूर मात्र पेटीच्या माथ्यावरून मागे, तिथून खाली, जमिनीखालून पुढे आणि मग धुराड्यात, असा फिरवलेला. कागदावर हे झकास आहे. पण गरम धूर खाली उतरायला तयार नसतो. धुराडं तापलेलं असेल तरच त्याला ओढ राहते, नाहीतर तो खोलीत परततो. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट फ्रँकलिनने नाकारलं, याचं कौतुक बरंच झालं आहे. शेगडी फारशी खपली नाही, हे मात्र कमी सांगितलं जातं. पुढे 'फ्रँकलिन' या नावाने ज्या विकल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकांत धुराचा तो द्राविडी प्राणायाम काढूनच टाकलेला होता.

माझ्या मते या घराण्याचा खरा मूळपुरुष मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड. 1796 च्या निबंधात त्याने लोखंडाला जवळजवळ हातच लावला नाही. गवंड्याला बोलवा, शेकोटी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा म्हणजे त्या उष्णता खोलीत परतवतील, आणि गळा चार इंचांवर आणा. सगळा खर्च विटा नि गिलाव्याचा. गळ्यात एक सुटा दगड ठेवायचा, म्हणजे तो काढून साफसफाईवाल्याला वर जाता येईल. लंडनच्या श्रीमंतांनी भराभर शेकोट्या बदलून घेतल्या. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त नायिका जुन्या मठातल्या भव्य कोरीव शेकोटीची स्वप्नं रंगवत येते आणि समोर दिसतो तो आटोपशीर रम्फर्ड.

एकोणिसावं शतक शेगड्यांच्या कारखान्यांचं होतं. अमेरिकेत ऑल्बनी आणि ट्रॉय, तर 1853 मध्ये डेन्मार्कात मॉर्सो आणि नॉर्वेत योतुल. ब्रिटन मात्र कोळशाला चिकटून राहिलं, ते 1952 च्या लंडनच्या जीवघेण्या धुरक्यापर्यंत आणि त्यानंतर 1956 मध्ये आलेल्या स्वच्छ हवा कायद्यापर्यंत. पुढे गॅस आला आणि शेकोट्या बुजवल्या गेल्या. 1973 च्या तेलसंकटाने लोकांना पुन्हा लाकडाकडे वळवलं. या वेळच्या शेगड्या इतक्या घट्ट बंद होणाऱ्या, की हवा कोंडून लाकूड रात्रभर धुमसत ठेवता येई. अर्धवट जळलेल्या धुराचं डांबर धुराड्यात साचे आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेट घेई.

जुनी जर्मन-इंग्रज तक्रार मिटवली ती काचेने. 1953 मध्ये कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत भट्टी चुकून नको तेवढी तापली आणि डोनाल्ड स्टूकीच्या हाती काच-सिरॅमिक लागलं. त्याच कुळातल्या पारदर्शक पत्र्यामागे आज जाळ बंद पेटीत असूनही दिसतो. वरून सोडलेल्या तापल्या हवेने काच स्वच्छ राहते आणि धुरातला वायूही जळतो. उघड्या शेकोटीची कार्यक्षमता जेमतेम 10 ते 20 टक्के. 2022 पासूनच्या नियमानुसार नव्या बंद शेगडीला किमान 65 टक्के गाठावीच लागते.

आता बसवण्याचं. छपरावरून सहा इंच व्यासाची स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी दोरीने खाली ओढून घेतात. नऊ बाय चौदाच्या धुराड्याच्या मानाने तिचं क्षेत्रफळ चौथाईहूनही कमी, म्हणून धूर गार होण्याआधीच बाहेर पडतो. भोवतीची पोकळी खालून पत्र्याने बंद करतात. रम्फर्डने गळा आवळला त्याचीच ही पुढची पायरी. शेगडीची ताकद ठरवायला ढोबळ हिशेब आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढून 14 ने भागायचं. चार बाय चार मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली असेल तर तीन किलोवॉट पुरे. लोक हौसेने आठची घेतात, खोलीत उकडतं म्हणून हवा बंद करतात आणि सत्तरच्या दशकातलं डांबर पुन्हा साचू लागतं.

शहरात राहत असाल तर शेगडी घ्यायचीच का, हाही प्रश्न विचारा. घरगुती लाकूडजाळ हा ब्रिटनच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा एक मोठा स्रोत आहे, आणि दुसरी सोय असताना केवळ शोभेसाठी पेटवणं मला पटत नाही. घ्यायचीच असेल तर 20 टक्क्यांहून कमी ओलाव्याचं लाकूड वापरा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलावून ते आतून तपासून घ्या.