पितळखोरें आणि ब्रह्मपुरीचा पोसायडन

चाळीसगांवाकडून कन्नडचा घाट चढणाऱ्या प्रवाशानें पितळखोऱ्याचें नांव ऐकलें, कीं तेथें पितळेचें कांहीं जुनें काम असावें अशी त्याची समजूत होते. सातमाळा डोंगराच्या त्या दरींत उतरल्यावर मात्र चोहों बाजूंस काळा कातळच दिसतो. नांव पितळेचें आणि काम पाषाणाचें, असा हा प्रकार आहे. तथापि महाराष्ट्रांत धातूचें एक लहानसें परदेशी शिल्प सांपडलें असून, तें पाहिल्यावर पितळखोऱ्याच्या पाषाणावरील एका नांवाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

तें शिल्प कोल्हापूरचें. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४५ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा मोठा सांठा मिळाला. पुढें १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं त्या टेकडीचें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें आणि तेथील सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आणली. सांठ्यांतील बहुतेक वस्तु येथल्याच घडणीच्या होत्या. त्यांमध्येंच सुमारें पांच इंच उंचीची एक मूर्ति निघाली: दाढी राखलेला, नग्न, एक हात उंच उचललेला पुरुष. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. त्या हातांतील त्रिशूळ आतां उरलेला नाहीं. आपल्या वरुणाप्रमाणें हा जलाधिपति. झ्यूसचा भाऊ आणि भूकंपाचा कर्ता. मूर्ति आज कोल्हापुरांतील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयांत आहे.

अशी एखादी वस्तु हातीं लागली, कीं दोन पक्ष लगेच उभे राहतात. एक म्हणतो, आमच्या शिल्पांत जें सुरेख आहे तें ग्रीकांचें देणें होय. दुसरा म्हणतो, परक्यांचा आम्हांस स्पर्शहि झाला नाहीं. दोन्ही पक्ष अभिमानावर उभे आहेत. एकाचा परक्यांविषयींचा, दुसऱ्याचा स्वतःविषयींचा. पुराव्याकडे पाहावें तर गोष्ट निराळी दिसते.

स्पर्श झाला होता, यांत शंका नाहीं. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाची यादी आहे; तींत मद्याबरोबर तांबें, कथील व शिसें यांचाहि उल्लेख येतो. तांबें आणि कथील मिळून कांसें होतें, हें ध्यानांत घ्यावें. त्याच ग्रंथाप्रमाणें भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर होतें. नाशिकच्या एका लेण्यांत तर इंद्राग्निदत्त नांवाच्या यवनानें आपलें दान कोरवून ठेवलें आहे. म्हणजे धातु आला, देव आला आणि माणसेंहि आलीं.

आतां पितळखोऱ्याकडे वळूं. तेथील विहारांत पंखधारी पशु कोरले आहेत. ग्रीक पुराणकथेंत पेगासस हा पंखांचा घोडा पोसायडनचाच पुत्र. तेव्हां ही कल्पना तिकडून आली, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु पंखधारी प्राण्यांची चाल इराणांत व पश्चिम आशियांत फार जुनी आहे, आणि एका चित्रकल्पनेस एकच माहेर असतें असें नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट तेथें मिळालेल्या यक्षाची. ही ठेंगणी, हंसतमुख मूर्ति डोक्यावर पात्र धरून उभी आहे. सांप्रत ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असते. तिच्या हातावर कोरलें आहे, कीं ही कण्हदास नांवाच्या सोनारानें केली. पाषाणाची मूर्ति आणि कर्ता सोनार! धातूच्या बारीक कामांत मुरलेला हात कातळाकडे वळला, तेव्हां त्यानें यक्षाच्या गळ्यांतील दागिनेहि मन लावून घडविले. आणि विशेष हें, कीं पितळखोऱ्याचें हें काम ख्रिस्तपूर्व काळांतलें आहे. ब्रह्मपुरीचा पोसायडन त्यानंतरचा. ज्यास गुरु ठरवावयाचें, तो शिष्याच्या मागून आला!

ओतकामाची गोष्टहि तशीच. मेणाची प्रतिमा करावी, तिला मातीचा लेप द्यावा, ती तापवून मेण वाहूं द्यावें आणि त्या पोकळींत वितळलेला धातु ओतावा, ही रीत रोमन कारागीरांस होती, तशी आपल्या ओताऱ्यांसहि होती. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ मध्यें मिळालेले हत्ती, गेंडा, रेडा व रथ हे ओतीव नमुने सातवाहनांहून कितीतरी जुने मानले जातात.

पोसायडनाची मूर्ति सुंदर आहे, यांत वाद नाहीं. परंतु तशा लहान मूर्ति रोमन साम्राज्यांत पुष्कळ ओतल्या जात. ही त्यांपैकीं एक, आणि तिच्यावर कर्त्याचें नांव नाहीं. नांव आहे तें आमच्या सोनाराचें. असें असून पोसायडनाचें नांव आमच्या सुशिक्षितांस ठाऊक असतें, आणि खानदेशच्या सीमेवरील कण्हदासाचें नसतें. परक्या देवाचें कौतुक करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरानें त्याला आपल्या भांड्याकुंड्यांत जागा दिली, त्यानें तें केलेंच आहे. मात्र पाहुण्याची विचारपूस करतांना घरच्या माणसाचें नांव विसरूं नये, एवढेंच सांगणें.