घाटांतील मोटार आणि मळ्यांतील इंजिन



१९४९ सालच्या दोन गोष्टी मी आज आपणापुढें एकत्र मांडणार आहें. पहिली अमेरिकेंतली. त्या सालच्या कॅडिलॅक मोटारींत अगदीं नवें इंजिन बसविण्यांत आलें. दुसरी आपल्या घरची. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा कांहीं मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. त्यालाच १९६० सालीं सांगली जिल्हा हें नांव मिळालें. या दोहोंचा संबंध काय, असें कोणी विचारील. तोच आजचा विषय.

१९४२ च्या प्रारंभीं अमेरिकेंत खासगी मोटारी बांधणें बंद झालें आणि कॅडिलॅकचा कारखाना रणगाड्यांच्या कामास लागला. तेथें तयार झालेल्या एका हलक्या रणगाड्यांत मोटारीचींच दोन इंजिनें असत, आणि त्यांना हायड्रामॅटिक ही आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा जोडलेली असे. ती मोटारींत युद्धापूर्वींच आली होती. रणांगणावर तिची कसोटी लागली. तिचें मूळ तत्त्व सोपें आहे. तेलानें भरलेल्या डब्यांत पात्यांचीं दोन चाकें समोरासमोर असतात. इंजिनानें एक फिरविलें कीं तेलाच्या रेट्यानें दुसरें फिरूं लागतें. म्हणून गाडी धक्का न देतां निघते, आणि डाव्या पायानें क्लच दाबण्याचें कारण उरत नाहीं.

आतां त्या नव्या इंजिनाकडे वळूं. पूर्वीं झडपा सिलिंडरच्या बाजूस असत. त्या माथ्यावर आल्या. दट्ट्याची धांव साडेचार इंचांवरून सुमारें ३.६ इंचांवर आली. आकारमान ३४६ घनइंचांवरून ३३१ वर उतरलें, वजन सुमारें २०० पौंडांनीं घटलें, आणि तरीही शक्ति १५० अश्वशक्तीवरून १६० वर चढली. पुढें अधिक चांगलें पेट्रोल मिळूं लागलें तर सिलिंडरांतला दाब वाढवितां यावा, अशी सोय घडणींतच करून ठेवलेली होती. पावणेदोन टनांची ही मोटार ताशीं शंभर मैलांच्या घरांत जाई. १९५० सालीं फ्रान्समध्यें ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत अशी एक कॅडिलॅक, बाजारांत मिळे जवळजवळ त्याच रूपांत, उतरली आणि दहावी आली.

परंतु यंत्राची पारख रस्त्यावर होते. पुण्याहून साताऱ्यास येतांना कात्रज आणि खंबाटकी हे घाट; वाईहून पांचगणीस चढावयाचें तर पसरणीचा घाट. येथें शंभर मैलांचा वेग काय कामाचा? चढावर हवा तो मंद गतींतला जोर, आणि तो अशा इंजिनांत भरपूर होता. उतारावर मात्र एवढा भार आवरतांना ड्रमचे ब्रेक तापणार. तेथें आपोआप चालणारी यंत्रणाही चालकाच्या शहाणपणावाचून पुरी पडत नाहीं, त्यानें हातानें खालचा गिअर धरावा लागतो. त्यांत गाडीची लांबी जवळजवळ अठरा फूट, आणि वळणें बैलगाडीच्या काळचीं!

आणि ही मोटार घेणार कोण? असल्या गाड्यांचें आपल्याकडील मोठें गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली, औंध, फलटण आदि दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. नवें इंजिन बाजारांत येईपर्यंत गिऱ्हाइकाचें राज्यच गेलें होतें.

सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं मात्र अमेरिकन मोटारीकडे गिऱ्हाइकाच्या नजरेनें पाहिलें नाहीं. क्राइस्लर कंपनीशीं करार करून त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभीं तें काम जोडणीचें होतें. सुटे भाग तिकडचे, हात इकडचे. पण याच वालचंदांनीं सातारारोडचा कूपर कारखानाही हातीं घेतला होता. धनजीशा कूपर यांनीं काढलेल्या त्या कारखान्यांत नांगर होत, आणि विहिरीवर मोटेची जागा घेणारीं डिझेल इंजिनें होत. किर्लोस्करवाडीस तर १९१० पासूनच भट्टी पेटलेली होती. १९४७ सालीं सांगलींत अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. १९५५ पासून तें वालचंदांचेंच नांव धारण करून आहे.

जोडणी थोड्या काळांत शिकतां येते. ओतीव लोखंडाचा ठोकळा तडा न जातां निघावा, दट्ट्या सिलिंडरांत केसभरही अधिकउणा बसूं नये, ही विद्या पिढ्यान् पिढ्या कमवावी लागते. कॅडिलॅकच्या १६० अश्वशक्तीमागें तीच विद्या होती, आणि ऊंसमळ्यांतल्या विहिरीवर धडधडणाऱ्या लहानशा इंजिनामागेंही तीच. राजवाड्यापुढें उभी राहणारी मोटार पैसे मोजून आणतां आली. विहिरीवरच्या इंजिनासाठीं सातारारोडच्या माळावर कारागीर घडवावे लागले. ते घडले, म्हणून कृष्णाकांठीं जुन्या मोटेचा आवाज थांबला.