फोर व्हील लागत नाही? आधी ते कुठल्या जातीचं ते बघा



पेरणीच्या तोंडावर एक प्रश्न हमखास येतो. "फोर व्हील लागत नाही, काय करू?" मी उलटा प्रश्न करतो, तुमचं फोर व्हील कुठल्या जातीचं? दांड्याचं, हबचं की बटणाचं? या तीन जाती तीन वेगळ्या काळात जन्मल्या. प्रत्येकीचं दुखणं वेगळं. जात न बघता पाना हातात घेतला की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत होते. म्हणून आज थोडा इतिहास.

चारही चाकांना ताकद द्यायची कल्पना ट्रॅक्टरपेक्षा जुनी. इंग्लंडमध्ये ब्रॅमा डिप्लॉक यांनी १८९३ साली वाफेच्या इंजिनासाठी तिचं पेटंट घेतलं. खरी अडचण पुढच्या चाकांची होती. ती वळलीही पाहिजेत आणि ओढलीही पाहिजेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावचे कारागीर ओटो झॅको आणि त्यांचे मेहुणे विल्यम बेसरडिक यांनी वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद नेणारा जोड बसवला आणि १९०८ साली पेटंट मिळवलं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीचे ट्रक चिखलातून माल ओढत होते. आजही पुढच्या एक्सलचा सगळ्यात नाजूक भाग हा वळणारा जोडच. फोर व्हील लावून वळताना पुढून कटकट आवाज आला, तर आधी तिथं बघा.

दुसऱ्या महायुद्धात जीप आली. तिला मेन गिअरशिवाय दोन छोटे दांडे होते. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा हाय-लो करायला. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो लागतच नसे. कारण लो गिअरचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर आला तर तो तुटेल. म्हणजे "लो लागत नाही" हा तिथं बिघाड नव्हता, राखण होती. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली आणि आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात या दांड्यांवर बसला.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत लष्कराच्या जीप लोकांनी घरी आणल्या. डांबरी रस्त्यावर पुढचे शाफ्ट उगाच फिरायचे. आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली कंपनी काढली आणि चाक शाफ्टपासून सोडवणारे हब विकले. ही हबची जात. इथं दांडा लागतो, शाफ्ट फिरतो, पण चाक ओढत नाही. हब 'फ्री'वर राहिला असेल, नाहीतर आतलं ग्रीस वाळून तो जाम झाला असेल. गिअरबॉक्सचा काही दोष नसतो.

आता ट्रॅक्टर. इटलीच्या सामे कंपनीने १९५२ मध्ये डीए २५ हा चारही चाकं ओढणारा डिझेल ट्रॅक्टर काढला. इंग्लंडच्या रोडलेस कंपनीने १९५६ च्या सुमारास फोर्डसन मेजरला लष्कराच्या जुन्या ट्रकांचे पुढचे एक्सल बसवले. आणि इंग्लंडमधल्याच एसेक्सचे शेतकरी जॉर्ज प्रायर यांची तऱ्हा तर न्यारीच. जमीन भारी चिकण, एका ट्रॅक्टरचा जोर पुरेना. त्यांनी दोन फोर्डसनची पुढची चाकं काढून दोन्ही ट्रॅक्टर एकामागे एक जोडले. अर्नेस्ट डो कंपनीने १९५८ पासून तसे ट्रॅक्टर बांधून विकले. गरज शेतकऱ्याची होती, युक्तीही शेतकऱ्याचीच.

पुढे पोटाखालून शाफ्ट आणि पुढं लहान चाकं, हीच रचना टिकली. दांड्याच्या जातीत आतले दात एकमेकांत सरकतात. दातावर दात आला की दांडा अडतो. जोर लावू नका. क्लच दाबा, ट्रॅक्टर इंचभर पुढं-मागं होऊ द्या, लागेल. मागची चाकं चिखलात घरघर फिरत असताना दांडा कधीच टाकू नका. दात गोल होतात, मग फोर व्हील लागतं आणि जोर आला की सुटतं. शिवाय पुढची चाकं मागच्यापेक्षा साधारण एक ते पाच टक्के जास्त पळतील असा हिशोब कारखान्यात केलेला असतो. भलत्या मापाचे टायर घातले की तो मोडतो आणि दातांवर कायमचा ताण येतो.

दांड्याच्या ट्रॅक्टरची तपासणी सोपी आहे. सपाट जागा, इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. फोर व्हील लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोड शाबूत. चाक आणि शाफ्ट दोन्ही फिरले तर दोष मागे, दांड्याच्या पिनेत, फोर्कमध्ये किंवा दातांत. चाक फिरतंय पण शाफ्ट जागचा हलत नाही, तर दोष पुढच्या एक्सलमध्ये.

तिसरी जात बटणाची. आत तेलातला क्लच आणि त्याला हुकूम देणारा सोलेनॉइड. यात पुन्हा दोन प्रकार. काहींत तेलाचा दाब क्लच लावतो. तिथं फ्यूज, वायर किंवा दाब गेला की फोर व्हील लागत नाही. काहींत स्प्रिंग क्लच लावते आणि दाब तो सोडवतो. तिथं वायर तुटली तर फोर व्हील उलट लागलेलंच राहतं. कारण साधं, संकटात चारही चाकांनी ब्रेक धरावा. अशा ट्रॅक्टरचं फोर व्हील लागत नसेल तर झिजलेल्या प्लेटा, थकलेली स्प्रिंग किंवा अडकलेला व्हॉल्व्ह बघायचा. तुमचा प्रकार कुठला ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टर अडला. दिवा लागायचा, पुढची चाकं ओढायची नाहीत. एका वर्कशॉपने गिअरबॉक्स खोलायला सांगितलं, आठ दिवस लागतील म्हणाले. वाफसा तर चारच दिवसांचा. आम्ही पुस्तक काढलं, ट्रॅक्टर दाबाने लागणारा निघाला. सोलेनॉइडपर्यंत वायर चाचपत गेलो, प्लगापाशी उंदराने कुरतडलेली. बटण दाबलं एवढंच तो दिवा सांगत होता, क्लच लागला हे नाही. वायर जोडली आणि दुपारी पेरणी सुरू झाली.

तेव्हा मिस्त्रीला बोलवायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. जात कुठली, शाफ्ट फिरतो का, दोष कायम आहे की फक्त जोर आल्यावर. एवढं सांगितलं तर चांगला मिस्त्री निम्मं काम फोनवरच करतो. आणि तरीही कुणी थेट गिअरबॉक्स खोला म्हणालं, तर कशावरून ते विचारा. ट्रॅक्टर आपला आहे, वाफसाही आपलाच.